काचेला ऊन

"जपून ठेवलंय" असं माझ्यापुढे कुणी म्हटलं, की हल्ली माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. काय जपून ठेवलंय? कुणासाठी? लोक वस्तू कपाटात कोंडतात, वर किल्ली फिरवतात आणि मोठं पुण्य केल्यासारखे हिंडतात. माझा सख्खा मोठा भाऊ त्यातलाच. आमच्या अप्पांची लेन्स त्यानं पंधरा वर्षं जपून ठेवली. इतकी जपली, इतकी जपली, की तिला बुरशीनं खाल्लं.

यंदाच्या आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, मी त्याच्या बंगळूरमधल्या मारतहळ्ळीच्या फ्लॅटवर गेले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. एरवी दिवाळी, बारसं, आजारपण, सगळ्याला जात होते. आयुधपूजेला मात्र नाही. का, ते आता काढत बसत नाही. रुसले होते असं समजा. रस्त्यात जिकडे तिकडे फोडलेले कोहळे, रिक्षांना बांधलेली केळीची पानं, बसच्या चाकाखाली चिरडलेल्या लिंबांचा वास. गेले ती आईसाठी. आई अण्णाकडेच, म्हणजे ह्या भावाकडेच असते, सत्तरीची झाली. आठ दिवस आधी तिचा फोन आला होता, "या वर्षी माझा फोटो काढ. ह्यांच्या काचेतून."

'हे' म्हणजे अप्पा. दर दसऱ्याला अप्पा त्या लेन्समधून आईचा एक फोटो काढत. एकच. तेच स्टूल, तीच पूर्वेची खिडकी. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्यापासून अप्पा गेले त्याच्या आदल्या दसऱ्यापर्यंत, एकतीस फोटो. पुढे नाहीत. आता नातवंडं मोबाइलवर तिचे शंभर फोटो काढतात, आणि तो मोबाइल आपल्या मनानं तिच्या सुरकुत्या पुसून टाकतो. आई ते बघून चिडते. "हे माझं तोंड नव्हे. ही कोण बाई?" म्हणते. फोनवर तिनं मला सरळच सांगितलं, "पुढं मी कशी झाले ते मला बघायचंय. ती काच खोटं बोलत नाही. आता फार दसरे नाहीत माझ्याकडे."

अण्णानं देवघरापुढे पाटावर सगळं मांडलेलं. गाडीची किल्ली, लॅपटॉप, वहिनीचा मिक्सर. मधोमध चामड्याची पेटी, पेटीत लाल मखमल, मखमलीत अप्पांची लेन्स. आणि पुढच्या काचेवर, बरोब्बर मध्यावर, ओल्या बोटानं लावलेलं गंध. गंधावर कुंकू. कुंकवावर अक्षता.

"अण्णा, हे काय केलंस?"

"पूजा केली. दरवर्षी करतो."

"काचेवर?"

"मग कुठं करू? तिच्या पाठीवर?"

मी लेन्स उचलली. मागचं झाकण काढून खिडकीच्या उजेडात धरली. आत धागेच धागे. कडेपासून निघालेले, फाटे फुटत मध्यापर्यंत पोचलेले पांढरे, बारीक धागे. आणि खोटं कशाला सांगू, मला दुःख झालं नाही, राग आला.

"एवढी जपली गं मी," अण्णा म्हणाला. "पोरांना जवळ फिरकू दिलं नाही. कुणाला हात लावू दिला नाही."

"हातच लावायला हवा होता! काच आहे ती, सोवळ्यातला देव नाही! चामडं ओल धरतं, मखमल ओल धरते, वर अंधार. तू तिला थडग्यात घातलीस, अण्णा, आणि दरवर्षी वर फूल वाहिलंस!"

सणासुदीला असं बोलू नये, कळतं मला. वहिनी स्वयंपाकघरात गेली. अण्णाचा चेहरा उतरला. आई मात्र खुर्चीत पुढे सरकून बसली आणि तिनं एवढंच विचारलं, "फोटो निघेल का त्यातून?"

"बघते," मी म्हटलं. लेन्स रुमालात गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि पुरणपोळी न खाता तिथून निघाले. पेटी तिथंच आपटून आले.

बसमध्ये पर्स छातीशी धरून बसले होते, आणि नाकात एकदम स्पिरिटचा वास आला. नव्हता तो तिथं, मला ठाऊक आहे. पण आला.

तो वास अप्पांच्या दुकानाचा. बंगळूरच्याच शिवाजीनगरात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, एका खानावळीच्या वर. लाकडी जिना, त्याची चौथी पायरी सैल. कुणी जिना चढायला लागलं की ती पायरी कुरकुरे आणि अप्पा समोरची काच चटकन ताटलीखाली झाकत, कारण येणाऱ्या माणसाबरोबर धूळ येते. खालून बिर्याणीची वाफ, कंडक्टरांच्या आरोळ्या, शुक्रवारची बांग. वर एक टेबल, एक दिवा, एक रबरी फुगा, आणि मागे आम्ही राहायचो त्या दोन खोल्या. अप्पा कॅमेऱ्यांच्या लेन्सा साफ करत. लग्नाचे फोटोवाले, पेपरवाले, हौशी मिलिटरीवाले, सगळे त्यांच्याकडे येत आणि आधी बोलणी खात.

काय ती बोलणी! एखादा फोटोग्राफर आला आणि बोलता बोलता शर्टाच्या टोकानं काच पुसायला लागला, की संपलंच. "स्वामी, थांबा! शर्ट काय काच पुसायला शिवलाय? त्यावर तुमचा घाम, रस्त्याची रेती. पुसताय कुठं, खरवडताय तुम्ही!" कन्नड, मराठी, दखनी, जे तोंडाला येईल त्यात सुनावत. कुणी तोंडानं फुंकर मारली तर त्याहून वाईट. "थुंका की सरळ! लाजता कशाला?" आधी रबरी फुग्यानं धूळ उडवायची. मग आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा, शंभर धुण्यांनी मऊ झालेला, त्याला थेंबभर स्पिरिट, आणि मधून बाहेर गोल गोल. दाबायचं नाही. अप्पा म्हणत, बाळाचे डोळे पुसतो तसं.

लेन्स हातात आली की अप्पा आधी तिचा वास घेत. गिऱ्हाइकं हसत, पण ते खरं सांगत. "लग्नाला होम होता. तूप चांगलं होतं, डालडा नव्हता." होमाचा धूर काचेवर चढतो, तुपाचा पातळ पापुद्रा धरतो, आणि मग नवरानवरी सगळे धुक्यात. कुठली लेन्स उदबत्तीच्या वासाची, कुठली विडीची, कुठली नुसत्या कुबट ओलीची. ओलीचा वास आला की अप्पा गप्प होत. बंगळूरची हवा माणसाला छान, लोक वाखाणतात, पण काचेला वैरीण. जून ते नोव्हेंबर आभाळ हटत नाही, घराघरात चपलांवर हिरवं चढतं. लेन्सवर का नाही चढणार?

त्याला अप्पांचा इलाज होता, आणि तो अमलात आणायची मी. अण्णा नव्हे. मी! शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि बिस्किटांच्या डब्यांची झाकणं उघडून बघायची. प्रत्येक डब्यात एकेक लेन्स आणि मलमलच्या पुरचुंडीत निळे खडे. हवेतली ओल पिऊन ते खडे गुलाबी व्हायचे. गुलाबी दिसले की काढायचे आणि तव्यावर भाजायचे, परत निळे होईपर्यंत. त्यासाठी आईनं वेगळा तवा दिला होता. काचेचा तवा म्हणायचो आम्ही त्याला, होता लोखंडाचाच. "ह्याच्यावर चुकून भाकरी टाकलीस तर बघ," आईची तंबी. तडतड आवाज करत खडे गुलाबीचे जांभळे, जांभळ्याचे निळे होत. तो रंग फिरताना बघायला मला इतकं आवडे, की चटके बसलेले कळत नसत.

आणि रविवारी सकाळी गच्चीवर काचेला ऊन. खाली तीन लेन्सा दुरुस्तीला असोत की तीस, अप्पांची स्वतःची लेन्स त्यात असायचीच. दोन्ही झाकणं काढायची, उजेड कमीजास्त करणारी आतली पाती पूर्ण उघडायची, पांढऱ्या पंच्यावर आडवी ठेवायची. कोवळं ऊन, दहाच्या पुढे नाही, नाहीतर पात्यांचं तेल वितळून काचेवर उतरतं. दर दहा मिनिटांनी कूस बदलायची. शेजारी आईचे सांडगे, पापड, कधी लाल मिरच्या. मिरच्या असल्या की भांडण ठरलेलं. "तुझ्या मिरचीची धूळ माझ्या काचेत!" "मग तुमच्या काचा न्या की कब्बन पार्कात, गच्ची माझ्या सांडग्यांची आहे!" हिंगाचा वास, उन्हात तापणाऱ्या धातूचा वास, खालच्या खानावळीतला कांदा. आणि मी मधे बसून दोन्हीकडचे कावळे हाकलत असे.

एकदा मी लेन्स आडवी न ठेवता उभी ठेवली, विटेच्या दोन तुकड्यांवर. खाली आईची सांडग्यांची चादर. मी कावळ्यामागे धावले, तेवढ्यात सूर्य काचेत शिरला आणि टाचणीच्या टोकाएवढा होऊन चादरीवर उतरला. धूर! भोक पडलं, कडा काळ्या, दोन सांडगे जळून कोळसा. आई झाडू घेऊन आली. मला वाटलं अप्पा आता मारतात. ते भोकाजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "बघ, किती स्वच्छ काच आहे. घाण असती तर जाळू शकली नसती." आईनं झाडू त्यांच्यावर उगारला. ती भोकाची चादर पुढे कितीतरी वर्षं घरात होती. कुठे गेली कोण जाणे.

तेव्हाच्या आयुधपूजेला काचेवर गंध लावायची कुणाची टाप नव्हती. टेबलाला फूल, फुग्याला कुंकू, लेन्सच्या बाहेरच्या धातूच्या कड्याला गंधाचा एक ठिपका, तोही सुका. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सकाळी आई नवी साडी नेसून स्टुलावर बसे, शेवंतीचा गजरा माळून. तोंडानं पुटपुटत, "लवकर करा, दूध उतू जाईल." अप्पा सावकाश. "हत्याराला काम दिलं की पूजा झाली," म्हणत. खट्. त्या वर्षाचा फोटो. मग मुगाच्या डाळीची कोसंबरी, मग जेवण, आणि फोटो धुऊन आला की मागे पेन्सिलीनं वर्ष घालून आईच्या हातात.

अप्पा गेले. तेराव्यानंतर आईनं वस्तू वाटल्या. फुगा, लेन्सा उघडायचे पाने, डबे, निळे खडे, तवा माझ्याकडे. लेन्स अण्णाला. अण्णाला! ज्याला आयुष्यात झाकण कुठल्या बाजूनं फिरतं ते ठाऊक नव्हतं, जो हॉस्टेलवर होता, मग कंपनीत, मग विमानात. खडे कुणी भाजले? कावळे कुणी हाकलले? मी एक शब्द बोलले नाही. घरात मुलगा असताना मुलीनं बोलायचं नसतं, असं आपणच ठरवून बसतो आणि मग आतल्या आत उकळत राहतो.

मी आता कोरमंगलाच्या एका ऑनलाइन दुकानासाठी साड्यांचे फोटो काढते. तिथली पोरं भाड्यानं महागड्या लेन्सा आणतात, वर जाड काचेचं फिल्टर चढवतात आणि मग तीच काच टी-शर्टनं पुसतात. मी अप्पांच्याच शब्दांत ओरडते. ती हसतात. आयुधपूजेनंतरच्या सोमवारी त्यांच्यातल्या एकीला मी अप्पांची लेन्स दाखवली. तिनं ती उजेडात धरली आणि म्हणाली, "मॅम, सो क्यूट! अशा धुक्याच्या लुकसाठी लोक वेगळे पैसे देतात. असंच ठेवा ना." मी लेन्स तिच्या हातातून काढून घेतली.

घरी टेबलावर पांढरा पंचा पसरला आणि अप्पांची पाने काढली. कडं गंजलं होतं. स्पिरिटचा थेंब सोडायचा, थांबायचं, हलक्या हातानं फिरवायचं. दोन दिवस ते हललं नाही. तिसऱ्या दिवशी सुटलं. एकेक काच बाहेर आली तशी आईच्या जुन्या साडीच्या शेवटच्या तुकड्यानं पुसली. पहिलीवरचं गंध निघालं. दुसरीवरची बुरशी निघाली, पूर्ण. तिसरीवरची निघाली, पण मागे वण राहिले. बुरशीनं काचेवरचा थर खाल्ला होता. ते जात नाही. अप्पांनाही गेलं नसतं. मी टेबलावर हात आपटला, अण्णाला नाही नाही ते बोलले, एकटीच, आणि मग लेन्स परत जुळवली.

पुढच्या रविवारी अण्णा आईला घेऊन माझ्याकडे आला. मी अजून शिवाजीनगरातच राहते, दुकानापासून दोन गल्ल्यांवर. दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. स्टूल माझ्याकडेच होतं. आई नवी साडी नेसून आली होती, डोक्यात शेवंती. हातात कापडात बांधलेलं पुडकं, त्यात ते एकतीस फोटो. खोलीच्या पूर्वेच्या खिडकीपाशी बसली आणि म्हणाली, "लवकर कर." दूध कुठंच नव्हतं.

मी माझ्या कॅमेऱ्यावर जोडणीचं कडं लावून अप्पांची लेन्स बसवली. डोळा लावला. आई दिसली. गाल आत गेलेले, हनुवटीवर तीन केस, डावी पापणी स्वल्प खाली आलेली, सगळं जिथल्या तिथं. फक्त खिडकीकडच्या बाजूला उजेड फुटून पांढुरका पसरत होता, जिथं ते वण होते. खट्. एकच. अप्पांसारखा.

"झाला?" अण्णानं विचारलं. तो दाराशी उभा होता, चपला हातात घेऊन, धूळ येईल म्हणून. त्या आठवड्यात कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

"झाला. पण तो कोपरा बघ. कायमचा गेला. तुझ्या त्या पेटीनं." मी परत सुरू झाले. चामडं, मखमल, अंधार, गंध. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "ती पेटी मी घेतली तेव्हा तू माझ्याबरोबर होतीस."

मी लेन्सचं झाकण शोधायला लागले.

"कमर्शियल स्ट्रीटवर. अप्पांचं तेरावं झाल्यावर, त्याच महिन्यात. मी तुला विचारलं, ही चांगली आहे का? तू म्हणालीस, छान आहे. घे." त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "तुला माहीत होतं ना गं?"

होतं. माहीत होतं. चामड्याची पेटी बघताक्षणी अप्पांचा आवाज कानात आला होता, आणि मी तो दाबला. मनात म्हटलं, घे, लेन्स पाहिजे होती ना तुला? घे आता. बघू दे काय होतंय. आणि मग पंधरा आयुधपूजा मी तिकडे फिरकले नाही, म्हणजे मला बघावं लागणार नाही. निळे खडे, तवा, सगळं माझ्याकडे, आणि लेन्स चार बसथांब्यांपलीकडे सडत होती, असं म्हणा ना. खरं म्हणजे बारा थांबे आहेत. एवढा राग मी अण्णावर ओतत होते, आणि ह्या पापातला अर्धा वाटा माझा होता. अर्धा तरी.

"होतं," मी म्हटलं. "रागानं बोलले नाही."

"मलाही राग होता," अण्णा म्हणाला. "अप्पा तुझ्याशीच बोलायचे. मला काचेला हात लावू द्यायचे नाहीत, बोटं तेलकट म्हणायचे. मला वाटलं, हात न लावणं म्हणजेच जपणं."

मी लेन्स काढली, त्याच्या हातात दिली आणि त्याला गच्चीवर नेलं. पंचा अंथरायला सांगितला. आडवी ठेव, दोन्ही झाकणं काढ, पाती उघड. त्याची बोटं खरोखरच तेलकट आहेत, पण मी काही बोलले नाही. मग खाली जाऊन गल्लीतल्या स्टुडिओतून प्रिंट काढून आणली.

तोवर अण्णा खाली येऊन बसला होता आणि आईनं माझ्या पलंगावर पुडकं सोडलं होतं. एकतीस फोटो एकमेकांवर थोडे चढवून ओळीनं मांडले होते, पहिल्या लाजऱ्या मुलीपासून पांढऱ्या केसांच्या बाईपर्यंत. नवा फोटो मी तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. पांढुरक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"सरी, बरोबर," म्हणाली. "हे माझंच तोंड आहे."

मग ती उठली, पलंगाला वळसा घालून पार दुसऱ्या टोकाला गेली आणि फोटो तिथं ठेवला, उशीपाशी. एकतिसाव्यापासून हातभर लांब.

"आई, मधे एवढी जागा कशाला सोडलीस?" मी विचारलं.

"पंधरा बसतात तिथं. मोजून सोडली," आई म्हणाली. "ती तुमच्या दोघांच्या रागाची."

अण्णा माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे. खिडकीतलं ऊन पलंगावरून सरकलं होतं. तो उठला आणि लेन्सची कूस बदलायला गच्चीवर गेला.